“मग सिस्टर, किती झाले?” : सेवेवरून घरी परतलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. ज्यांच्या घरातलं, मंडळीतलं किंवा शेजारचं कोणी मिशनच्या कामावर बरीच वर्षं बाहेर राहून परत आलंय, त्यांनी तर वाचाच. ख्रिस्ती नसाल तरी वाचा, कारण यातला काही भाग तुमच्याशीच बोलणारा आहे.

मी नर्स. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं. २०१२ ते २०२३ अशी अकरा वर्षं मी आणि आमचे हे दक्षिण ओडिशात, कोरापुट-रायगडा पट्ट्यातल्या एका छोट्या मिशन हॉस्पिटलात होतो. मी वॉर्डात, हे लॅबमध्ये. मुलगा तिथंच झाला. निघालो तेव्हा मंडळीने मोठा निरोप समारंभ केला होता. हार, शाल, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, महिला मंडळाकडून स्टीलचे डबे. ते डबे अजून वापरते.

परत आलो तेव्हा दौंडला गाडी बदलून नगरला उतरलो. स्टेशनवर दीर रिक्षा घेऊन आले होते, बस. याची तक्रार नाही, मला हार नकोच होते. पण जाण्याची तयारी करून घेणारे शंभर जण असतात आणि येण्याची तयारी करून घेणारं कोणी नसतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. त्यानंतर गेल्या काही वर्षांत परत आलेली आणखी काही कुटुंबं भेटली. कोणी झारखंडातून, कोणी डांगातून, एक जोडपं थेट आफ्रिकेतून. सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच. म्हणून लिहिते.

१. एकच प्रश्न, दोन तोंडांनी

पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या वेळी एका वडीलधाऱ्यांनी हसत विचारलं, “मग सिस्टर, किती झाले?” म्हणजे बाप्तिस्मे किती झाले.

त्याच आठवड्यात बँकेत पासबुक भरायच्या रांगेत जुने शेजारी भेटले. तेही हसतच म्हणाले, “काय मग, तिकडं आदिवासींत होता म्हणे? किती बाटवले?”

मी रात्री झोपताना यांना म्हटलं, दोन्ही काकांचा प्रश्न एकच आहे बघा. एकाला आकडा मोठा निघाला तर आनंद, दुसऱ्याला आकडा मोठा निघाला तर संताप. पण दोघांनाही ती माणसं नकोत, आकडाच हवाय.

माझ्याकडे आकडे होते की. पावसाळ्यात एका खाटेवर दोन-दोन पोरं असायची, फाल्सिपेरम मलेरियाची. ताप मेंदूत गेलेलं पोर झटके देत यायचं, बापाने खांद्यावर टाकून डोंगर उतरून आणलेलं. सिकलसेलचे रुग्ण. रक्त कमी असलेल्या बाळंतिणी, ज्यांच्या नवऱ्याला रक्त द्यायला तयार करण्यात आमच्या ह्यांची अर्धी रात्र जायची. रात्रपाळीत किती वेळा देवाचं नाव घेतलं याचाही हिशेब मी देऊ शकते. पण ‘किती झाले’ या प्रश्नाला यातलं एकही उत्तर चालत नाही.

शेजारच्या काकांना मी तिथंच उत्तर दिलं, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हटलं, काका, ओडिशात जबरदस्तीने, आमिष दाखवून किंवा फसवून धर्मांतर करण्याविरुद्धचा कायदा १९६७ पासून आहे. पण कायदा बाजूला ठेवा. १०४ ताप असलेल्या बाईच्या उशाशी बसून ‘आधी तू आमची हो, मग सलाईन लावते’ असं म्हणणारी बाई नर्स नव्हे आणि माझ्या मते ख्रिस्तीही नव्हे. तो व्यापार झाला. ज्याच्यामुळे मी तिथं गेले त्याचं नाव मी लपवलं नाही, आणि ते नाव औषधाच्या बिलातही धरलं नाही.

मंडळीतल्या काकांना उत्तर द्यायला मात्र जास्त दिवस लागले. आपल्या माणसांना उत्तर देणं नेहमीच अवघड.

२. साक्ष द्यायची, पण पूर्ण

परतलेल्याला मंडळीसमोर उभं करतात. वीस मिनिटं, एखादं गीत, आणि भिंतीवर फोटो. माझ्या वेळी कार्यक्रम बघणाऱ्या भाऊंनी आधी फोटो मागितले. मी हॉस्पिटलची इमारत, भाताची खाचरं, स्टाफचा फोटो दिला. ते म्हणाले, “ताई, एखादं उघडंवाघडं, रडकं पोर नाही का? त्याच्याने दान चांगलं जमतं.” मी म्हटलं, “तुमच्या नातवाचा आंघोळीच्या आधीचा फोटो द्या, शेजारी तोही लावू.” भाऊ समजूतदार निघाले. भाताच्या खाचरांवरच काम भागलं.

दुसरी गोष्ट श्रेयाची. आमच्या वॉर्डातला मलेरिया खरोखर कमी झाला. २०१७ च्या सुमारास पावसाळ्यातही खाटा रिकाम्या दिसायला लागल्या तेव्हा आम्हीच एकमेकींकडे बघायचो. पण हे काही एकट्या मिशन हॉस्पिटलने केलं नाही. राज्य सरकारने ‘दमन’ नावाची मोहीम काढली होती. दुर्गम गावांत शिबिरं लावायची, ताप असो वा नसो गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं, ज्यांच्यात जंतू सापडेल त्यांना लगेच औषध द्यायचं. घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या. आणि हे सगळं पायाने करणारी कोण? गावातली आशाताई. चिखलातून आठ-आठ किलोमीटर चालणारी.

मी साक्षीत हे सगळं सांगितलं. सरकारचं नाव घेतलं, आशाताईंचं घेतलं. नंतर एक जण कुजबुजले, “मग आपलं हॉस्पिटल कशाला हवं होतं?” अहो, रात्री दोन वाजता झटके येणाऱ्या पोरासाठी हवं होतं. रक्तासाठी हवं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. देवाने आमच्यामार्फत काम केलं असं म्हणताना त्याने आशाताईमार्फत केलेलं काम खोडायची गरज नाही. परतणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे : साक्ष देताना ज्या माणसांबद्दल बोलता, ती पहिल्या बाकावर बसली आहेत असं धरून बोला. त्यांना ऐकू गेलं तर चालेल तेवढंच बोला.

३. गोष्ट हवी असणारे लोक आजचे नाहीत

आपल्याकडच्या इतिहासातलं एक सांगते. १८१२ साली अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे निघाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. नगरच्या ख्रिस्ती समाजाची मुळं तिथंच जातात. हॉल परत गेलेच नाहीत. १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

नॉट मात्र तब्येतीमुळे १८१५ सालीच परत गेले. तीन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. पुढे मायदेशात शिकवलं, मंडळीचं पाळकपण केलं आणि १८६९ साली वारले. म्हणजे मुंबईत तीन वर्षंही नाहीत आणि परतीनंतरचं आयुष्य ५४ वर्षांचं! त्या ५४ वर्षांबद्दल आपण कधी बोलतो का? आपल्याकडे मिशनरी म्हणजे गेलेला किंवा तिकडंच मेलेला. परत येऊन जगलेला आपल्या हिशेबात बसत नाही.

त्याच तुकडीतले ॲडोनिराम जडसन ब्रह्मदेशात गेले. बर्मी भाषेत बायबल केलं, तुरुंग सोसला. तब्बल ३३ वर्षांनी, १८४५ साली, पहिल्यांदा अमेरिकेत आले. वाटेत पत्नी गेली, तिला सेंट हेलेना बेटावर पुरून आले. छातीच्या आजाराने आवाज गेलेला, त्यामुळे ते हळू बोलायचे आणि शेजारी उभा माणूस तेच मोठ्याने सांगायचा. इंग्रजीची सवयही सुटलेली. त्यांच्याबद्दल एक प्रसंग सांगतात. एका मंडळीत ते फक्त ख्रिस्ताबद्दल बोलले आणि लोक नाराज झाले, कारण एवढ्या लांबून आलेल्या माणसाकडून त्यांना थरारक गोष्टी हव्या होत्या. पुढच्या वर्षी जडसन ब्रह्मदेशात परत गेले.

पावणेदोनशे वर्षं झाली. लोकांना अजून थरारच हवाय.

ओडिशा म्हटलं की तर विचारूच नका. १९९९ च्या जानेवारीत मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं. २००८ साली कंधमाल पेटलं. आम्ही जाणार म्हटल्यावर माझी आई याच भीतीने रडली होती. परत आल्यावरही लोक डोळे मोठे करून विचारायचे, “भीती नाही वाटली?” वाटली ना. जे झालं ते झालंच नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण अकरा वर्षांत माझ्या दाराशी आलेली माणसं भोपळा घेऊन यायची, मोहाची फुलं, एकदा जिवंत कोंबडी. पाहुण्याला पहिल्यांदा नाचणीची पेज मिळायची. तिलाही तिकडं पेजच म्हणतात, अगदी आपल्यासारखं. एका बातमीवरून अख्खा प्रदेश ओळखल्यासारखं करू नका. आणि हे मी मंडळीला जसं सांगते तसं नगरच्या शेजाऱ्यांनाही सांगते. आपल्याबद्दलच्या एका फॉरवर्डवरून तुम्हीही आम्हाला ओळखू नका.

ग्लॅडिस स्टेन्स नवरा आणि दोन मुलं गेल्यावरही बारीपदाच्या कुष्ठरोग्यांत पाच वर्षं राहिल्या. २००४ साली ऑस्ट्रेलियाला परतल्या, पुढच्या वर्षी भारत सरकारने पद्मश्री दिली. त्यांनी केलेली क्षमा सगळ्यांच्या तोंडी असते. पण त्या बाई मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियातल्या घरी उतरल्या तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? परत आल्यापासून माझ्या मनात हाच प्रश्न जास्त येतो.

४. चौथा महिना

आता घरातलं. परतल्यावर पहिले दोन महिने मजेत जातात. बोंबलाची चटणी, नात्यागोत्यातली लग्नं, सगळे घरी बोलावतात. चौथ्या महिन्यात कोणी बोलवत नाही आणि आपलं चालणं अचानक जड होतं. मला वाटलं थायरॉईड असेल. तपासलं, रिपोर्ट नॉर्मल.

यावर अभ्यास झालेला आहे हे मला नंतर कळलं. परक्या देशात गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याबद्दल १९५० च्या दशकापासून लिहिलं जातंय. १९६३ साली गुलाहॉर्न नावाच्या नवराबायकोने दाखवून दिलं की तसाच दुसरा खड्डा घरी परतल्यावर लागतो. परका मुलूख परका वाटणार हे आपण धरून चालतो. आपलं घर परकं वाटेल हे मात्र कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून दुसऱ्या खड्ड्यात पाय जास्त मुरगळतो.

माझ्या बाबतीत त्या खड्ड्यात वडील होते. ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेले. गाड्या बंद, वॉर्ड भरलेला. माती मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. तिकडं रडायला सवड नव्हती. इथं आल्यावर घरात त्यांची खुर्ची दिसली आणि तीन वर्षांपूर्वीचं रडू तेव्हा आलं. शेजारणी म्हणाल्या, “आता कशाला रडते, किती दिवस झाले!” त्यांच्यासाठी झाले होते, माझ्यासाठी ते नुकतेच गेले होते. परतलेल्याला हा वेळ द्या. त्याने गमावलेलं सगळं तो एकदम मोजत असतो.

आणि मुलं! आम्ही ‘घरी’ आलो, आमचा मुलगा घर सोडून आला. दहा वर्षांचा. घरात मराठी बोलायचा, पण मनात आकडे ओडियात मोजायचा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. कायदा योग्यच आहे, पण पोराला ‘ळ’ बोलता यायचा (ओडियातही आहे ना!), लिहिताना अक्षरं मात्र गोल गोल व्हायची. वर्गात हसायचे. एक दिवस म्हणाला, “मम्मी, आपण परत कधी जायचं?” मी म्हटलं, आलोय ना परत. तो म्हणाला, “तू आलीस.”

त्याच्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. रविवारी संध्याकाळी तिकडच्या मित्रांशी व्हिडिओ कॉल, आणि त्याची ओडिया पुस्तकं टाकली नाहीत. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. त्यांनी एकदा त्याला फळ्यावर सगळ्या मुलांची नावं ओडियात लिहायला लावली. त्यानंतर हसणं बंद झालं, रांग लागली.

५. कागद

आध्यात्मिक पोस्टमध्ये कोणी हे लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. निघायच्या सहा महिने आधीपासून लागा.

नर्स असाल तर ज्या राज्यात नोंदणी आहे तिथल्या कौन्सिलकडून एनओसी आणि इथल्या कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी. यात महिने जातात, तोवर नोकरी अडते. पीएफ असेल तर खातं ट्रान्सफर आणि आधार-बँकेची नावं जुळतात का ते बघा. अनुभवाचं पत्र सही-शिक्क्यासह हातात घ्या, मागाहून पोस्टाने येईल यावर राहू नका. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला, नावाची स्पेलिंग सगळीकडे एकच. आधारचा पत्ता, रेशनकार्ड, मतदारयादी. आरोग्य विमा संस्थेच्या नावावर असेल तर तो कुठल्या तारखेला संपतो ते विचारा.

तब्येतीचं : मलेरियाच्या भागातून आलात आणि वर्षभरात ताप आला, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी अमुक ठिकाणी राहत होते, रक्त तपासा. नगरचा डॉक्टर आधी डेंगी किंवा टायफॉईड धरेल. व्हायवॅक्स प्रकारचा जंतू यकृतात लपून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो.

आणि पैशाचं. मिशनच्या पगारात अकरा वर्षं काढलेल्या माणसाकडे पन्नाशीत घर नसतं. ‘देव पुरवतो’ हे मंडळीने त्याला म्हणू नये. देव पुरवतो तो बहुतेक वेळा मंडळीच्याच हाताने.

६. घरातली घाण आता दिसते

हॉस्पिटलच्या पट्ट्यात खोंड आदिवासी आणि डोंब समाज शेजारी राहतात, पण खोंडांच्या कितीतरी घरांत डोंबाच्या हातचं पाणी चालत नाही. आमच्या मेसमध्ये सगळे एका पंगतीला बसायचे आणि ते जमवायला आधीच्या लोकांना बरीच वर्षं लागली होती. मी ते अभिमानाने सांगायचे.

इथं आल्यावर भाचीचं स्थळ बघायला सुरुवात झाली. दोन्ही घरं ख्रिस्ती, चार पिढ्यांची. चहा झाला, बायबल वाचून झालं, आणि मग हळूच प्रश्न आला, “तसे मूळचे कोण तुम्ही?”

मी तिथं असते तर हा प्रश्न मला जंगली वाटला असता. इथं तो चहाच्या कपात विरघळून येतो. लेस्ली न्यूबिगिन नावाचे बिशप होते. १९३६ साली तमिळनाडूत आले, १९७४ साली बायकोबरोबर दोन सुटकेस आणि पाठपिशवी घेऊन मिळेल त्या बसने, खुष्कीच्या मार्गाने इंग्लंडला परतले. तिथं त्यांनी बर्मिंगहॅममध्ये तुरुंगासमोरची एक लहानशी, बंद पडायला आलेली मंडळी चालवली आणि सांगितलं की भारतापेक्षा इथलं काम अवघड आहे. सेवाक्षेत्र म्हणजे दुसऱ्यांचा मुलूख हा समज त्यांनी मोडला. परत आलेला माणूस उपयोगाचा असतो तो इथं. त्याचे डोळे ताजे असतात. पण आपण त्याला गीत म्हणायला लावतो आणि खाली बसवतो.

मी स्थळाच्या बैठकीत म्हटलं, “मूळचे आम्ही अंत्युखियाचे.” थोडे हसले, थोडे नाही. स्थळ जमलं नाही. भाचीने नंतर येऊन मिठी मारली.

७. अंत्युखियाचा नियम

अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबाला उपास करून, हात ठेवून पाठवलं, हे आपल्या प्रत्येक निरोप समारंभात वाचतात. प्रेषितांची कृत्ये, १३ वा अध्याय. पण १४ व्याचा शेवट कोणी वाचत नाही. ते परत आले, मंडळीने सगळ्यांना जमवलं, देवाने काय केलं ते ऐकून घेतलं, आणि मग ते दोघं तिथं शिष्यांबरोबर बराच काळ राहिले. म्हणजे पाठवणं, ऐकणं आणि राहू देणं. आपण पहिलं करतो, दुसरं वीस मिनिटांत उरकतो, तिसरं विसरतो.

म्हणून पाळकसाहेबांना आणि पंचांना विनंती. तुमच्या मंडळीतून गेलेलं कोणी येत्या वर्षात परतणार असेल तर आतापासून चार गोष्टी ठरवा. कागदपत्रं समजणारा एक माणूस त्यांच्या सोबतीला द्या. पहिले सहा महिने भाड्याची आणि विम्याची काय सोय आहे ते विचारा, लाजू नका. मुलांसाठी शाळेत एकदा जाऊन या. आणि एक ऐकणारं माणूस नेमा, जे महिन्यातून दोनदा घरी जाईल, चहा पिईल, सल्ला देणार नाही.

आणि शेजाऱ्यांनो, तुम्हीही या. संशय असेल तर तोंडावर विचारा, आम्ही उत्तर देऊ. फक्त ‘किती’ विचारू नका. तिकडं कोण कोण होतं ते विचारा. मी तुम्हाला माझ्या रात्रपाळीच्या आयाबाईबद्दल सांगेन, जिला एक अक्षर लिहिता येत नव्हतं आणि जी पोराच्या पापण्या बघून रक्त किती कमी आहे ते लॅबच्या आधी सांगायची. आमचे हे मशीनचा रिपोर्ट घेऊन यायचे तेव्हा ती आधीच बापाला रक्त द्यायला बाकावर बसवून मोकळी झालेली असायची.

ज्यांच्या घरी कोणी परत आलंय, त्यांनी आपला अनुभव खाली लिहा. विशेषतः नोंदणी आणि शाळेच्या कागदांचं काही नवीन कळलं असेल तर नक्की लिहा, पुढच्यांच्या उपयोगी पडेल.